गोगलगायींना अस्तर

जावयाबद्दल मास्तरीणबाईंची तक्रार एकच होती, पण ती त्या रोज नव्या उमेदीनं करत. हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही. चहा गार झाला, चालेल. पंखा बंद पडला, चालेल. एकदा तर त्यांनी मुद्दाम, निव्वळ परीक्षा म्हणून, बिनमिठाची भाजी त्याच्या पानात वाढली. चार घास झाल्यावर विचारलं, "जावईबापू, मीठ बरोबर आहे ना?" तर हा म्हणतो, "चालेल की." मास्तरीणबाई तडक आत गेल्या आणि मिठाच्या बरणीला म्हणाल्या, "बाई गं, तुझं या घरात काही काम उरलेलं नाही. तू आपली माहेरी जा."

बरणीला बोलायचं कारण असं, की जावयाला तोंडावर बोलायचं नाही असा त्यांनी नेम केला होता. बाकी जगासाठी असा कुठलाच नेम नव्हता. लेकीला, दूधवाल्याला, नळदुरुस्तीवाल्याला, समोरच्या काचवाल्याला, ज्याला जे बोलायचं ते त्या त्याच्या तोंडावर, भर रस्त्यात आणि खणखणीत आवाजात बोलत. गल्लीला त्याची सवय होती. उलट मास्तरीणबाई एखाद्याशी गोड बोलल्या, तर तो बिचारा दिवसभर विचार करत बसे की आपलं नेमकं काय चुकलं. त्या ज्याला शिव्या देत तो त्यांच्या घरचा, आणि ज्याला 'या, बसा' म्हणत तो परका, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन वर्षं लोटली तरी जावयाला त्या 'या, बसा'च म्हणत होत्या. लेकीला हे खटकत असे. पण आईला सांगणार कोण?

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. शाळेशी त्यांचं दुसरीतच फाटलं. त्या स्वतः म्हणत, "मी कुठं शाळा सोडली? शाळाच पुढं गेली, मी होते तिथंच उभी होते." नवरा कपडे शिवायचा म्हणून तो मास्तर, आणि त्या मास्तरीण. मास्तर गेले, दुकान राहिलं. रस्त्याकडची खोली ती दुकान, मागच्या दोन खोल्या ते घर. दुकानात एक कापायचं टेबल, दोन मशिनी, खडूचे तुकडे भरलेली डबी, भिंतीभर हुक आणि दारापाशी गल्ला. त्या गल्ल्यामागे बसून बाईंनी लेकीला वाढवलं, नर्स केलं, लग्न लावून दिलं. आता मात्र डोळे दगा देऊ लागले होते. सुईत दोरा ओवायचा तर आधी सुईची समजूत घालायची, मग दोऱ्याची, आणि दोघं कबूल झाले की हात थरथरायचा.

तेव्हा प्रश्न असा होता, की त्यांच्यामागे गल्ल्यावर बसणार कोण?

लेक दवाखान्यातली नोकरी सोडून येणार नव्हती. राहता राहिला जावई. त्याची कंपनी बंद पडल्यापासून तो सासरीच होता, काजं-बटणं नीटस करत होता आणि शिवणाला हात बरा होता. ("कंपनीनं विचारलं असेल, बंद करू का? हे म्हणाले असतील, चालेल," असं बाईंनी कात्रीला सांगून ठेवलं होतं.) म्हणून बाईंचा गुडघा धरला त्या आठवड्यात त्यांनी त्याला गल्ल्यावर बसवून पाहिलं. आठवडा संपला तेव्हा दुकान बुडायचं तेवढं बाकी होतं. वाजंत्री पथकाला सगळे अंगरखे उद्या हवे होते, चालेल. नवरदेवाला कोट उद्या हवा होता, तोही चालेल. एका आजोबांना जुन्या कोटातून दोन जाकिटं आणि उरलेल्यातून नातवाला टोपी हवी होती, आणि जावईबापूंनी वर विचारलं होतं, "टोपीला गोंडा हवा का?" बाईंनी गुडघ्याला फडकं बांधून मशीन धरली आणि सगळं निस्तरलं. निस्तरताना त्या मशिनीच्या चाकाला म्हणाल्या, "'नाही' हे दुकानाचं कुलूप असतं, बाबा. ज्याला ते लावता येत नाही, त्याचं दुकान लुटायला चोर लागत नाहीत, गिऱ्हाइकं पुरतात."

चाक फिरत राहिलं. शेजारी बसून बटण लावणारे जावईबापू मान खाली घालून बटण लावत राहिले.

समोरचा काचवाला याच संधीची वाट पाहत होता. त्याचं फोटोंना चौकटी करायचं दुकान, आणि फ्रेमा ठेवायला जागा कमी. "मास्तरीणबाई, कशाला जिवाला त्रास? दुकानाची जागा मला द्या, आरामात बसा," तो म्हणे. बाई त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट उत्तर देत. पण हल्ली ते उत्तर देताना त्यांचा आवाज पूर्वीइतका लागत नव्हता, आणि हे त्यांना स्वतःलाच आधी ऐकू आलं होतं.

अशात एका दुपारी त्यांना कापायच्या टेबलावर पत्ते पसरलेले दिसले. राजा-राणीचे नव्हेत, चित्रांचे. सगळ्यांवर गोगलगायी. लहान गोगलगाय, मोठी गोगलगाय, शिंगं ताणलेली, शंखात दडलेली, आणि अधूनमधून चिखल.

"हे काय?" त्यांनी लेकीला विचारलं. जावई टेबलापाशीच उभा होता, पण प्रश्न लेकीला.

लेकीनं समजावून सांगितलं. हा एक खेळ आहे. दुकानातून पत्ते घ्यायचे, त्यांतून आपली गड्डी आपण जुळवायची, आणि दुसऱ्याच्या गड्डीशी लढायचं. लोकांकडे अग्निसर्प असतात, वाघ असतात, वीज पाडणारे पक्षी असतात.

"आणि यांच्याकडे गोगलगायी."

"त्या खोक्यात पडून होत्या गं. कुणालाच नको होत्या. यांनी एकेक करून जमवल्या."

"मारतात का त्या?"

"मारत नाहीत," जावईबापू हळूच म्हणाले. "नुसत्या बसतात. समोरचा मारत राहतो. प्रत्येक वाराला त्याचा एक पत्ता खर्च होतो. ज्याच्यापुढे कुणी बसायला उरलं नाही, किंवा ज्याला उचलायला पत्ता उरला नाही, तो हरला."

मास्तरीणबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग गोगलगायीकडे पाहिलं, मग पुन्हा जावयाकडे. गोगलगाय आणि पोटात पाय, असं काहीतरी त्यांच्या जिभेवर आलं. ते त्यांनी गिळलं.

काचवाला अर्थातच रस्ता ओलांडून आला होता. सल्ला द्यायचा असला की त्याला मधल्या गाड्या दिसत नसत. "रविवारी स्पर्धा आहे ना, बुटांच्या दुकानावरच्या मजल्यावर? माझ्या पुतण्याला सगळं माहीत आहे. मागच्या वेळी जो जिंकला त्याची गड्डी जशीच्या तशी उतरवून घ्यायची, सगळे तेच करतात. गोगलगायी घेऊन गेलात तर लोक हसतील. उद्या पुतण्याला पाठवतो, तो सर्पांची गड्डी लावून देईल. काय?"

बाईंनी कात्री उचलली, कारण पुढचं 'चालेल' त्यांना ठाऊक होतं.

"नाही," जावईबापू म्हणाले.

कात्री कापडात अर्ध्यावर थांबली.

"ती गड्डी त्याची," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, मऊ. "ही माझी. हीच खेळणार."

काचवाला तोंड उघडं टाकून परत गेला. लेकीनं आईकडे पाहिलं. बाई खाली वाकून कापडावर काहीतरी शोधू लागल्या, पण तिथं शोधण्यासारखं काही नव्हतं. या माणसात कुठंतरी एक 'नाही' आहे. बी आहे. पाणी घातलं तर उगवेल. मग दुकान काचवाल्याला द्यायची गरज नाही. हा विचार त्यांच्या मनात आला त्या क्षणापासून ती स्पर्धा जावयाची राहिली नाही, मास्तरीणबाईंची झाली. त्यांनी हात घातलेल्या कामाचं असंच होत असे.

पहिली अडचण वेष्टनांची निघाली. स्पर्धेचा नियम होता की प्रत्येक पत्ता वेष्टनात हवा, सगळी वेष्टनं सारखी हवीत, पुढून पारदर्शक, मागून अपारदर्शक. खेळाच्या दुकानातली संपली होती आणि पुढचा माल स्पर्धेनंतर येणार होता. (माल नेहमी गरजेनंतरच येतो. अस्तराचं कापडही तसंच.)

काचवाला म्हणाला, वेष्टनं कशाला, मी वर पातळ प्लास्टिक चढवून गरम इस्त्रीनं चिकटवून देतो. नको म्हणेपर्यंत त्यानं एक गोगलगाय नेली आणि तासाभरानं परत आणली. ती आता पत्ता राहिली नव्हती, फरशी झाली होती. टेबलावर टाकली तर टणकन वाजली. "मजबूत आहे," काचवाला म्हणाला. जावईबापूंनी ती हातात घेतली आणि त्यांचे ओठ 'चा' म्हणायला उघडले, तेवढ्यात बाईंनी काचवाल्याला अशी काही फरशी ऐकवली, की तो दोन दिवस आपल्या दुकानातूनही इकडे पाहीना.

मग त्या म्हणाल्या, "वेष्टन म्हणजे काय? पिशवीच ना? पिशवीला कुणी कधी घाबरलंय का?" पुढून शर्टाच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक, मागून काळं अस्तर, तीन बाजू शिवायच्या, चौथी उघडी. सोपं. ज्या कामाला त्या सोपं म्हणत, त्याला घरातली माणसं दबकून असत.

प्लास्टिक मशिनीच्या पायाला चिकटलं. खाली कागदाची पट्टी घालून शिवावं लागलं. पहिली पिशवी पत्त्याच्या अंगाबरोबर बेतली, तर गोगलगाय आत जाताना वाकली आणि बाहेर येईना. कुठल्याही अंगाला श्वास घ्यायला जागा ठेवायची असते, हे त्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आल्या होत्या, पण पत्त्याला छाती नसते म्हणून विसरल्या. दुसरी इतकी सैल झाली की पत्ता उलटा धरताच पायावर पडला. मग मात्र माप सापडलं. दिवसा गिऱ्हाइकांचं, संध्याकाळी गोगलगायींचं, असं मशीन चालू राहिलं. डोळ्यांत पाणी येई, ते पुसून पुन्हा सुरू. लेक म्हणाली, "आई, एवढं नको गं." आई म्हणाली, "तू गप. तुझ्या बारशालाही मी एवढ्या मापाचं शिवलं नव्हतं."

आणि मग त्यांना ती गोष्ट सुचली.

घरी सराव करताना जावईबापू गड्डी पिसत, पत्ते ओढत आणि थबकत. एक गोगलगाय दुसरीसारखीच दिसे. निदान बाईंना तरी तसं दिसे. आता शिवणकामात कापलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखाच दिसतो. डावी बाही आणि उजवी बाही, पुढचा भाग आणि मागचा. म्हणून उलट्या बाजूला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालतात. बिनखुणेचं कापड मशिनीवर चढवायचं नाही, हे मास्तरांचं वाक्य त्या दुकानाच्या पायाभरणीतलं होतं. बाईंनी प्रत्येक वेष्टनाच्या मागच्या कोपऱ्यात तिळाएवढा टाका घातला. मोठ्या गोगलगायीला लाल, लहानीला पिवळा, चिखलाला पांढरा. सुबक. कुणाला सांगितलं नाही. भेट ही सांगून द्यायची नसते.

रविवारी सकाळी त्यांनी गड्डी जावयापुढे ठेवली. जावईबापूंनी एक पत्ता उलटा केला. कोपरा पाहिला. दुसरा उलटा केला. तिसरा. मग बाईंकडे पाहिलं, बराच वेळ. त्या सुजलेल्या डोळ्यांकडे, बोटांवरच्या सुईच्या टोचण्यांकडे.

"चालेल," ते म्हणाले. "फार छान झालंय."

बाईंना ते पाहणं कृतज्ञतेचं वाटलं. त्या आत जाऊन बरणीला म्हणाल्या, "बघ, माणसाला बोलता येत नाही म्हणून काय झालं, कळतं तर आहे."

लेकीची दवाखान्यात पाळी होती, म्हणून जावयाबरोबर बाईच निघाल्या. बुटांच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत चामड्याचा वास, ओळीनं टेबलं आणि खाली मान घातलेली माणसं. दारातला संगणकवाला म्हणाला, प्रेक्षकांना जागा नाही, फक्त खेळाडू आणि त्यांचे मार्गदर्शक.

"मी यांची सासू आहे."

"तसा रकाना नाही हो यात."

"मग कुठला आहे?"

त्यानं पुन्हा वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "त्यातलं मोठं जे असेल ते लिही." अशा रीतीनं त्यांच्या गळ्यात 'मार्गदर्शक' अशी पट्टी आली. ती त्यांनी सरळ केली, ठसठशीत दिसेल अशी, आणि जावयाच्या मागे स्टुलावर जाऊन बसल्या.

पहिला डाव एका चष्मेवाल्या मुलीशी होता. कॉलेजात शिकणारी असावी, पण नजर तपासनिसाची. जावईबापूंनी गड्डी पिसून पुढे ठेवली. मुलीनं ती कापायला उचलली, हात थांबला, चष्मा वर गेला. "पंच!"

पंच म्हणजे उंच, अतिशय मृदू आवाजाची बाई. मृदू आवाजाच्या माणसांपासून मास्तरीणबाई नेहमी सावध असत. तिनं गड्डी घेतली आणि पत्ते न उलटता, नुसते मागचे कोपरे बघत, तीन ढीग लावले. मग ढीग उलटे केले. एकात सगळ्या मोठ्या, एकात सगळ्या लहान, एकात चिखल. आजूबाजूच्या टेबलांवर खेळ थांबला.

"या खुणा आहेत," ती म्हणाली.

"मग! तिळाएवढ्या आहेत, तरी एक चुकलेली नाही," मास्तरीणबाई मागून म्हणाल्या.

खोलीत कुणीतरी हसलं. पंचबाईनं त्यांच्या गळ्यातली पट्टी वाचली. "मार्गदर्शक तुम्ही?"

जावईबापू उभे राहिले. "गड्डी माझी आहे," ते म्हणाले. "जबाबदारी माझी. त्यांना काही विचारू नका."

"अहो, विचारू नका काय?" बाई स्टुलावरून उठल्या. "विचारा की! खूण केल्याशिवाय डावी बाही उजवीकडं लागते, पंचबाई. मग माणूस हात वर करून हिंडतो. यात चोरी ती काय?"

"आजी," पंचबाई तितक्याच मृदू आवाजात म्हणाली, "पत्ता पालथा असताना तो कुठला आहे हे ज्याला कळतं, त्याला पुढं काय येणार तेही कळतं. म्हणून सगळ्यांच्या पाठी अगदी सारख्या असाव्या लागतात. याला आम्ही खुणेचे पत्ते म्हणतो. फसवणुकीत मोडतं."

फसवणूक. मास्तरीणबाईंच्या दुकानात उरलेल्या कापडाची चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत जाई. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना सकाळ आठवली. एक पत्ता उलटा. दुसरा. तिसरा. मग ते बराच वेळ पाहणं. ते कृतज्ञतेचं पाहणं नव्हतंच. या माणसाला सगळं कळलं होतं. कळूनही तो ती गड्डी खिशात घालून इथवर आला होता.

"मी केल्या," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान निघाला, की त्यांनी घसा साफ करून पुन्हा सांगितलं. "टाके मी घातले. यांना माहीत नव्हतं."

"माहीत होतं," जावईबापू म्हणाले. खोटं बोलून सुटायची एवढी सरळ वाट सासूनं काढून दिली, तर हा माणूस तिथंही खरं बोलला.

पंचबाईनं विचार केला, शेजारच्या माणसाशी कुजबुज केली आणि निकाल दिला. हा डाव गेला. पण पुढच्या डावाआधी सारखी, बिनखुणेची वेष्टनं मिळाली तर खेळू द्यायला हरकत नाही.

बाईंनी पिशवीतून कात्री काढली आणि टाके उसवायला घेतले. पण टाका निघाला तरी भोक राहतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? दोन-तीन उसवून त्यांनी कात्री खाली ठेवली.

तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक गोल चेहऱ्याचा माणूस म्हणाला, "माझ्याकडे जादा आहेत. घ्या." तो दातांचा डॉक्टर होता. दवाखान्याची जाहिरात म्हणून त्यानं वेष्टनं छापून घेतली होती. प्रत्येकाच्या पाठीवर एक दात, हातात ब्रश, आणि तो दात सगळे दात काढून हसत होता.

अशा रीतीनं गोगलगायी हसऱ्या दाताची पाठ घेऊन रणात उतरल्या. मास्तरीणबाईंनी आपल्या काळ्या वेष्टनांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या, हे गल्लीत सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं.

गप्प माणसाला पुष्कळ दिसतं. त्यांना दिसलं, की जावयाचा हात पत्ता टाकताना अडखळत नाही. घरी तो थबकत होता तो ओळख पटत नव्हती म्हणून नव्हे, विचार करत होता म्हणून. प्रत्येक गोगलगाय त्याला नावानिशी ठाऊक असावी. खुणेची गरज बाईंच्या डोळ्यांना होती, त्याच्या नव्हे. त्यांना हेही दिसलं, की समोरचा कितीही जोरात पत्ता आपटू दे, हा दचकत नाही. एका दांडगटानं सर्प टाकले, वीज टाकली, आरडाओरडा केला, आणि शेवटी पत्ता उचलायला हात नेला तर गड्डीच्या जागी टेबल. तो टेबलाकडे बघत राहिला. जावईबापू हळूच म्हणाले, "संपले वाटतं." पुढचा डाव मात्र ते हरले. चिखलच चिखल आला, गोगलगाय एकही नाही. ते स्वतःशीच हसले आणि पुन्हा गड्डी पिसू लागले.

शेवटचा डाव डॉक्टरशी पडला.

डॉक्टर बसला, रुमालानं कपाळ पुसलं आणि पुढे झुकला. "हे बघा, स्पष्ट बोलतो. तुम्ही तसेही बाहेर आहात. हा डाव मला मिळाला तर मी अंतिम फेरीत जातो. कितीतरी महिने मी याच्यासाठी धडपडतोय. तुम्ही आधीच हार मानलीत तर तुमचं काही जात नाही. नियमात बसतं ते. काय म्हणता, चालेल?"

शब्दही त्यानं नेमका तोच वापरला.

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, झालं. वेष्टनं त्याची. उपकार त्याचा. पाठीवर दात हसतोय तोसुद्धा त्याचाच. असल्या वेळी मीही नाही म्हटलं नसतं, मग हा तर हा. काचवाल्याला निरोप द्यायचा तर उद्याच देऊन टाकावा, म्हणजे हिवाळ्याआधी त्याच्या फ्रेमा लागतील.

"नाही," जावईबापू म्हणाले. "वेष्टनं दिलीत ते विसरणार नाही. पण ही गड्डी मी खेळायला जुळवलीय. खेळू या."

डॉक्टरचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. मग त्यानं मान हलवली आणि पत्ते उचलले.

तो डाव लांबला. बाकीची टेबलं उठली, लोक भोवती जमले, चष्मेवाली मुलगीही येऊन उभी राहिली. डॉक्टर मारत होता, गोगलगायी मरत होत्या, आणि मेलेलीच्या जागी दुसरी येऊन बसत होती. डॉक्टरची गड्डी पातळ होत होत सुपारीच्या खांडाएवढी उरली. मग शेवटचा पत्ता राहिला. तो त्यानं उचलला. उलटून पाहिलं, तर सर्प. त्यानं तो टाकला आणि जावईबापूंची शेवटची गोगलगाय गेली.

एका पत्त्यानं हरले.

"आणखी एकच वार झेलला असतात तर मी गेलो होतो," डॉक्टर म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हातांनी हात धरला. "गोगलगायीची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. वेष्टनं असू द्या तुमच्याकडे."

"नाही," जावईबापू म्हणाले. एका दिवसात दुसऱ्यांदा. "तुम्हाला अंतिम फेरीला जादा लागतील."

मग खोलीच्या कोपऱ्यात सासू आणि जावई समोरासमोर बसले आणि हसऱ्या दातांतून एकेक गोगलगाय काढू लागले. तो काढी, त्या काळ्या अस्तरात घालत. खिडकीखाली बुटांचा दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता की बूट वापरला की सैल होतो.

"सकाळी टाके दिसले होते," बाई शेवटी म्हणाल्या. लेक जवळ नव्हती. बरणी नव्हती, कात्री पिशवीत होती. तेव्हा त्यांना जावयाकडेच बघून बोलावं लागलं. "कळलंही होतं."

"हो."

"मग?"

जावईबापूंनी हातातल्या गोगलगायीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तुमचे डोळे सुजले होते. एवढं मनापासून केलं होतंत. म्हटलं, फार तर काय होईल? मला बाहेर काढतील. म्हणून म्हटलं..."

"चालेल."

"हो."

मास्तरीणबाईंनी त्याच्या हातातला पत्ता घेतला, वेष्टनात घातला, वेष्टन गड्डीवर ठेवलं आणि गड्डी नीट चौकोनी केली. एवढी वर्षं आपण याला गोड तेवढंच बोललो, हे त्यांच्या मनात आलं. बिनमिठाची भाजी एकदा नव्हे, रोज वाढली. आणि यानं ती तक्रार न करता खाल्ली. मग त्यांनी गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली, कारण पुढचं बोलायला तिची गरज नव्हती, आणि अशा आवाजात बोलल्या की खालचा बूटवाला थांबला असावा.

"गाढव आहेस तू. चांगला शिकलेला, धडधाकट गाढव! त्या दातवाल्या परक्या माणसाला तोंडावर नाही म्हणालास, आणि घरच्या म्हातारीला चालेल? परक्याला खरं आणि घरच्याला गोड, असं कुठल्या शाळेत शिकवतात रे? मीही तुझ्याशी तेच केलं म्हणून तुला आज हे ऐकवतेय, नाहीतर बरणीला ऐकवलं असतं. उद्यापासून गल्ल्यावर तू बसायचंस. आणि सकाळी कुलूप काढायच्या आधी मी तुला काहीतरी खुळ्यासारखं करायला सांगणार आहे. तेव्हा मला नाही म्हणायचं. मोठ्यानं. काचवाल्याला ऐकू जाईल असं!"